इलेक्टिव्हचा फॉर्म भरण्याआधी

माझा मावसभाऊ यंदा गेटची प्रवेश परीक्षा देऊन पुण्यात एम.टेक.ला आला. इलेक्ट्रिकल, त्यात पॉवर सिस्टिम्स आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स अशी जोडशाखा. आठव्या दिवशी त्याचा फोन. "ताई, शुक्रवारपर्यंत इलेक्टिव्हचा फॉर्म द्यायचाय. सोपं काय आहे तेवढं सांग." इलेक्टिव्ह म्हणजे आपण स्वतः निवडायचे विषय. मी म्हटलं, सोपं काय ते तुझे सीनियर सांगतील, त्यांना ते तोंडपाठ असतं. तू रविवारी संध्याकाळी घरी ये आणि सिलॅबसची प्रिंट घेऊन ये, मोबाईलवरची पीडीएफ नको. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, त्यामुळे तो आला. पिठलं-भात खाता खाता दोन तास बोललो. ते सगळं इथे लिहून ठेवतेय, कारण आता त्याचे दोन मित्रही विचारतायत आणि माझ्याकडे इतकं पिठलं नाही.

आधी मी कोण ते सांगते. मी कराडकडची. बाबा बोर्डात लाईनमन होते. २००५ मध्ये बोर्डाच्या कंपन्या झाल्या, महावितरण वगैरे, पण आमच्या घरी ते अजून बोर्डच आहे. एम.टेक. पुण्यातच केलं, नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहून. गेली काही वर्षं भोसरीत मोटर ड्राइव्ह बनवणाऱ्या एका कंपनीत आहे आणि नवीन मुलांच्या तांत्रिक मुलाखती घ्यायचं काम माझ्याकडे आलंय. म्हणजे इलेक्टिव्ह चुकीचे घेऊन काय होतं हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

पहिल्या सेमिस्टरला मी 'स्मार्ट ग्रिड' घेतलं आणि 'लिनिअर सिस्टिम थिअरी' सोडलं. कारण सरळ होतं. एक नाव रिझ्युमेवर छान दिसत होतं आणि दुसऱ्याच्या नावाने सीनियर कानाला हात लावत होते. स्मार्ट ग्रिडमध्ये मला उत्तम ग्रेड मिळाला. पाच युनिटं, सगळी व्याख्या, फायदे-तोटे आणि चौकोन-बाणांच्या आकृत्या. परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्स वाचून पेपर लिहिला. दुसऱ्या सेमिस्टरला मशिन मॉडेलिंगच्या तासाला सरांनी फळ्यावर तीन फेजांची समीकरणं लिहिली, म्हणाले आता पार्कचं रूपांतर लावू, आणि दहा मिनिटांत तीन फिरत्या राशींच्या दोन स्थिर राशी करून दाखवल्या. वर्गातले चौघेजण मान डोलावत होते. मी तारीख लिहून बसले होते. आर. एच. पार्क यांनी हे १९२९ मध्ये मांडलं. म्हणजे नव्या फॅशनचा विषय घेऊन मी नव्वद वर्षं जुन्या गणिताला अडखळले.

त्या अडखळण्यातून निवडीसाठी मी एकच प्रश्न काढला: हा विषय नोकरी लागल्यावर, रात्री साडेनऊला, एकटीने शिकता येईल का? येत असेल तर त्याच्यावर क्रेडिट खर्चू नका. सॉफ्टवेअर असं शिकता येतं. मॅटलॅब, पीएससीएडी, पायथन मी सगळं नोकरीत शिकले. धोरण, बाजार, मानकं, 'इंट्रोडक्शन टू' ने सुरू होणारं बहुतेक सगळं वाचून कळतं. एकट्याने होत नाहीत अशा दोनच गोष्टी मला आढळल्या. एक म्हणजे गणित, ज्याला दर आठवड्याचा गृहपाठ आणि तो लाल पेनाने परत करणारं कुणीतरी लागतं. आणि दुसरं हार्डवेअर, ज्याला लॅब लागते आणि चुकलात तर मेन स्विच पाडणारे काका लागतात.

आता सिलॅबसची प्रिंट घ्या आणि नाव झाका. खरंच, हाताने झाका. 'ॲडव्हान्स्ड', 'मॉडर्न', 'स्मार्ट', 'सस्टेनेबल' हे शब्द शीर्षकातले आहेत, त्यांचा आत काय आहे त्याच्याशी संबंध असेलच असं नाही. युनिटं वाचा आणि प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलने लिहा: 'काढायचं' (गणित करून) की 'सांगायचं' (नुसतं शब्दांत). 'न्यूटन-रॅफसन लोड फ्लो' हे काढायचं. 'मायक्रोग्रिडच्या संधी आणि आव्हानं' हे सांगायचं. मग लायब्ररीतून किंवा सीनियरकडून गेल्या तीन वर्षांचे पेपर आणा. सिलॅबस खोटं बोलू शकतो, पेपर बोलत नाही. ज्या विषयाच्या पेपरात निम्म्याहून जास्त मार्क 'टिपा लिहा'ला आहेत, तो पुढे-मागे तुम्ही स्वतः वाचू शकाल. मावसभावाच्या यादीतले नऊ पर्याय अशा पद्धतीने अर्ध्या तासात चारवर आले.

क्रेडिटच्या रकान्यातले तीन आकडे बघायला विसरू नका. ३-०-२ म्हणजे आठवड्याला तीन तास लेक्चर, ट्युटोरियल शून्य, दोन तास प्रॅक्टिकल, एकूण क्रेडिट चार. ३-०-० वाल्या पॉवर इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा ३-०-२ वालं घ्या, मग शिकवणारे थोडे रुक्ष असले तरी चालेल.

गणिताची तुमची तयारी किती आहे ते स्वतःला विचारू नका, आपण सगळे स्वतःला पास करतो. कागद घ्या, वीस मिनिटं लावा. दोन बाय दोनची मॅट्रिक्स: वरच्या ओळीत ० आणि १, खालच्या ओळीत −२ आणि −३. आयगनव्हॅल्यू काढा, म्हणजे ही मॅट्रिक्स ज्या सिस्टिमची आहे ती कशी वागेल ते सांगणारे आकडे. −१ आणि −२ येतात, हे बहुतेकांना जमतं. आता पुढचं. या सिस्टिमला धक्का दिला तर काळाप्रमाणे काय होईल, दोन वाक्यांत सांगा. आणि मॅट्रिक्समधला तो −२ चुकून +२ झाला तर? एक आयगनव्हॅल्यू साधारण ०.५६ येते, धन. म्हणजे काय झालं? माझा भाऊ पहिल्या पायरीला झटक्यात पोचला आणि दुसरीला माझ्याकडे बघायला लागला. उत्तर असं आहे की आधी धक्का विरून जात होता, आता वाढत जाईल. जनरेटरचं डोलणं थांबेल की मशिन सिंक्रोनिझममधून, म्हणजे ग्रिडच्या तालातून, सुटेल, हा प्रश्न पॉवर सिस्टिमवाले याच भाषेत विचारतात, फक्त त्यांची मॅट्रिक्स शेकड्यांत असते. इथे अडलात तर 'लिनिअर सिस्टिम्स' किंवा 'लिनिअर अल्जिब्रा' पहिल्याच सेमिस्टरला घ्या, ग्रेड बी आला तरी. नाही अडलात, तर 'ऑप्टिमायझेशन' घ्या, सगळ्यात चांगलं उत्तर शोधायचं गणित. तिथे तुम्ही अडाल याची खात्री देते.

यानंतर उलटं चाला. एम.टेक.ची दोन वर्षं म्हणजे खरं तर एकच वर्ष विषयांचं असतं. तिसरं आणि चौथं सेमिस्टर बहुतेक ठिकाणी डेझर्टेशन, म्हणजे प्रबंध, खाऊन टाकतं. ए.आय.सी.टी.ई. या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात ६८ क्रेडिटपैकी २६ डेझर्टेशनचीच आहेत. तेव्हा डेझर्टेशन साधारण कशात करायचंय ते आत्ताच पुटपुटून बघा आणि तिथून मागे या. ग्रिडला जोडलेल्या इन्व्हर्टरचा कंट्रोल करायचाय? मग तो चालवायला डीएसपी प्रोसेसर लागेल, कंट्रोल लिहायला डीक्यू रूपांतर (तेच ते पार्कचं) लागेल, ते कळायला मशिन मॉडेलिंग किंवा लिनिअर सिस्टिम्स लागेल, आणि या सगळ्याच्या खाली कन्व्हर्टर, म्हणजे विजेचं रूप बदलणारं सर्किट, नीट कळलेला हवा. म्हणजे कन्व्हर्टर आणि गणित पहिल्या सेमिस्टरला, ड्राइव्ह्ज आणि डीएसपी दुसऱ्या. याचा क्रम उलटा लागला की दुसऱ्या सेमिस्टरचा विषय नुसता पाठ करून पास व्हावं लागतं. मी झालेय, म्हणून सांगते.

पॉवर सिस्टिम्सकडे जाणाऱ्यांसाठी झाड वेगळं: पहिल्यांदा सिस्टिम ॲनालिसिस, मग डायनॅमिक्स, प्रोटेक्शन, स्टेट एस्टिमेशन. 'एचव्हीडीसी आणि फॅक्ट्स' (उच्च दाबाची डीसी लाईन आणि एसी लाईनवरचा इलेक्ट्रॉनिक ताबा) हा विषय मुलं परदेशी म्हणून बाजूला ठेवतात. अहो, चंद्रपूरची वीज मुंबईच्या वेशीवर पडघ्याला ±५०० केव्हीच्या डीसी लाईनवरून १९९९ पासून येतेय, १५०० मेगावॅट क्षमता, साडेसातशे किलोमीटर. परदेशी कसला.

डिजिटल सिग्नल प्रोसेसिंगबद्दल, म्हणजे डीएसपीबद्दल, मात्र मी हट्टाने बोलते. इलेक्ट्रिकलची मुलं म्हणतात, तो ईएनटीसीवाल्यांचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशनवाल्यांचा विषय. आजचा रिले, म्हणजे बिघाड झाला की लाईन तोडायला सांगणारं यंत्र, उघडून बघा. ५० हर्ट्झची एक सायकल म्हणजे २० मिलिसेकंद. तेवढ्या वेळात करंटचे सॅम्पल घेऊन त्यातून मूळ फ्रिक्वेन्सीचा घटक वेगळा काढायचा आणि ट्रिप द्यायचं की नाही ते ठरवायचं. हे फूरियरचंच काम आहे. हा विषय डोळ्यांनी बघायचा असेल तर विज्ञान दिनाच्या सुमाराला नारायणगावजवळ खोडदला जाऊन या. तिथे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश आहेत. प्रत्येक डिशचा सिग्नल दुसऱ्या प्रत्येक डिशच्या सिग्नलशी ताडतात, म्हणजे ४३५ जोड्या, आणि त्याआधी प्रत्येक सिग्नलचं फूरियर रूपांतर. शिवाय एवढी मोठी डिश आकाशातल्या एका बिंदूवर रोखून ठेवणारी सर्व्हो यंत्रणा वेगळीच. तिथून येताना एसटीत मी पहिल्यांदा ठरवलं की ईएनटीसी विभागातला डीएसपीचा कोर्स घ्यायचा. दुसऱ्या विभागाचा विषय घ्यायला दोन सह्या जास्त लागतात, एवढंच. त्यांच्या लॅबमधला पंखा मात्र आमच्यापेक्षा चांगला होता.

हार्डवेअरबद्दल एक गोष्ट सांगते, म्हणजे ३-०-२ चा हट्ट का ते कळेल. दुसऱ्या सेमिस्टरला आम्ही हाफ ब्रिज, म्हणजे दोन इलेक्ट्रॉनिक स्विचचं सर्किट, बांधत होतो. स्विच म्हणून मॉस्फेट आयआरएफ८४०, त्यांना चालवायला ड्रायव्हर आयआर२११०, सगळं बुधवार पेठेतल्या दुकानांतून पिशवीत भरून आणलेलं. डिमरस्टॅटवरून थोडं थोडं व्होल्टेज चढवत होतो. वरच्या मॉस्फेटचा गेट बघायचा म्हणून मी ऑसिलोस्कोपच्या प्रोबची काळी क्लिप त्याच्या सोर्सला लावली. फट्ट. दिवे गेले, स्कोप बंद, मॉस्फेटचं टोपण उडालं. लॅबमधले काका शांतपणे आले, एमसीबी वर केली आणि म्हणाले, "मॅडम, डिमरस्टॅट म्हणजे ट्रान्सफॉर्मर असला तरी आयसोलेशन नाही हो त्यात. आणि ती क्लिप थेट अर्थिंगला जाते." डिमरस्टॅट ऑटोट्रान्सफॉर्मर असतो, म्हणजे मेनशी थेट जोडलेला, हे मला बी.ई.पासून पाठ होतं. पाठ होतं आणि कळलं होतं यातलं अंतर एका मॉस्फेटच्या किमतीत मिटलं. हे कुठल्याही व्हिडिओतून झालं नसतं, कारण व्हिडिओ बघताना माणूस दचकत नाही. पुढे डेड टाइम, म्हणजे एक स्विच बंद होऊन दुसरा चालू होईपर्यंतची फट, कमी ठेवून दोन्ही मॉस्फेट एकदम चालू करण्याचाही पराक्रम केला, पण तोपर्यंत काका आमचं नाव ओळखायला लागले होते.

तेव्हा लॅबवाला विषय घेण्याआधी लॅबमध्ये जाऊन या. डिफरन्शियल प्रोब (अर्थिंगला न जाणारा) आहे का, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आहे का, किट सीलबंद डब्यातलं आहे की उघडं, आणि एका सेटअपवर किती मुलं. सहा मुलांमागे एक सेटअप असेल तर चौघे फक्त रीडिंग लिहितात. किट डब्यात बंद असेल तर ती लॅब नाही, वायरी जोडायचा तास आहे.

शिकवणारं कोण, हे सिलॅबसइतकंच महत्त्वाचं. इथे सीनियरांचं ऐका, पण प्रश्न बदलून विचारा. "मार्क कसे देतात?" असं न विचारता "गृहपाठ तपासून परत देतात का?" असं विचारा. पहिले दोन आठवडे जास्तीच्या विषयांच्या तासालाही बसा. फळ्यावर काढताना मध्येच अडून "थांबा, चुकलं कुठेतरी" म्हणणारे सर मिळाले तर डोळे झाकून तो विषय घ्या. ते खरंच समोर काढतायत. एका विषयाला आम्हाला अख्खं सेमिस्टर स्लाइड वाचून दाखवल्या गेल्या, त्याही आणखी कुणाच्या तरी, कारण कोपऱ्यात दुसऱ्याच संस्थेचं बोधचिन्ह होतं.

वेळेचा हिशेब मुलं करत नाहीत आणि ऑक्टोबरात रडतात. तीन क्रेडिटचा थिअरी विषय म्हणजे तीन तास वर्ग आणि प्रामाणिकपणे केला तर सहा तास घरी. चार विषयांचे छत्तीस तास. दोन लॅब, लिहिण्यासकट आठ तास. गेटवर आलेल्यांना महिन्याला १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती मिळते, तिच्याबरोबर विभागाचं शिकवण्याचं किंवा लॅबचं काम येतं. ते आठवड्याला आठ तास धरा. झाले बावन्न. यात कपडे धुणं, पीएमपीएमएलच्या बसची वाट पाहणं आणि शिवाजीनगरला चहा नाही. म्हणून गृहपाठाचा जड विषय एका सेमिस्टरला दोनच घ्या, एक मध्यम, एक हलका. हलका घ्यायला लाजू नका. 'टिपा लिहा'वाल्या विषयाची जागा तीच. मी स्मार्ट ग्रिडला नावं ठेवली, पण ते जड विषयांच्या जोडीला चौथं म्हणून घेतलं असतं तर माझं काही बिघडलं नसतं.

ऑडिट कोर्स शून्य क्रेडिटचा असतो. संशोधन-लेखनाचं इंग्रजी असेल तर ते घ्या, डेझर्टेशन लिहिताना कामी येतं. ओपन इलेक्टिव्हमध्ये ऑपरेशन्स रिसर्च दिसलं तर दुसरीकडे बघूच नका; दुसऱ्या दाराने आलेलं ऑप्टिमायझेशन आहे ते.

स्वयम या सरकारी पोर्टलवरचे एनपीटीईएलचे ऑनलाइन कोर्स चांगले आहेत, आयआयटीचे प्राध्यापक घरबसल्या मिळतात. पण मोफत म्हणून तीन-तीन भरू नका. बारा आठवडे, दर आठवड्याची असाइनमेंट, शेवटी केंद्रावर जाऊन परीक्षा. असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५ गुण. एका वेळी एक. आणि तो क्रेडिटमध्ये धरणार असाल तर विभागाची मंजुरी सत्र सुरू होण्याआधी, लेखी. प्रमाणपत्र हातात घेऊन मे महिन्यात मंजुरी मागायला गेलेल्या आमच्या वर्गमैत्रिणीला विभागाने नियमावली वाचून दाखवली.

आता ज्याच्यासाठी सगळे कासावीस असतात ते. प्लेसमेंट. कॅम्पस तिसऱ्या सेमिस्टरला सुरू होतं. म्हणजे रिझ्युमेवर दिसतील ते विषय फक्त पहिल्या वर्षाचे. आणि रिझ्युमेवर लिहिलेलं इलेक्टिव्ह म्हणजे आम्हाला दिलेलं आमंत्रण असतं. मी पॉवर इलेक्ट्रॉनिक्स लिहिणाऱ्या प्रत्येकाला एकच साधा प्रश्न विचारते: बक कन्व्हर्टरचं (व्होल्टेज कमी करणाऱ्या) इनपुट व्होल्टेज स्थिर ठेवून ड्युटी, म्हणजे स्विच चालू असण्याचा वाटा, बदलत नेली तर इंडक्टरच्या करंटमधला रिपल (चढउतार) सगळ्यात जास्त कधी? ज्याने लॅबमध्ये स्कोपवर पाहिलंय तो लगेच सांगतो, अर्ध्या ड्युटीला. ज्याने समीकरण काढलंय तो कागद मागतो, डी गुणिले (एक वजा डी) लिहितो, डी म्हणजे ड्युटी, आणि मग सांगतो. दोघेही पास. तिसरा म्हणतो, "मॅडम, आम्हाला सिम्युलेशन होतं." मशिन लर्निंग लिहिणाऱ्यांना विचारते, लीस्ट स्क्वेअर्समध्ये नेमका कशाचा वर्ग करून बेरीज किमान करतोस? लोड फोरकास्टिंगवर पेपर छापलेला एक मुलगा इथे गप्प झाला. एआयचं इलेक्टिव्ह वाईट नाही. ते प्रोबॅबिलिटी आणि गणितासकट शिकवत असतील तर जरूर घ्या. नुसतं लायब्ररी इम्पोर्ट करून आलेख काढत असतील, तर ते रात्री साडेनऊवालं काम झालं.

पीएच.डी.कडे जायचं असेल तर वरचं सगळं अधिक कडक. गणिताचे दोन विषय, शक्य तर एक गणित विभागात जाऊन. आणि ज्यांना गाईड म्हणून मनात धरलंय त्यांचा एक विषय आधी घ्या, त्यांना तुम्ही आणि तुम्हाला ते कळायला चौदा आठवडे पुरतात.

घेतलेला विषय चुकला असं वाटलं तर बदलता येतो, पण त्याची तारीख असते आणि ती बहुतेक मिडसेमच्या आधी येते. ती नियमावलीतून शोधून आजच मोबाईलमध्ये गजर लावा. दोन गृहपाठ कोरे गेले म्हणून विषय सोडू नका, ते सगळ्यांचेच जातात. सर शिकवायलाच येत नसतील तर सोडा.

भावाने शेवटी कन्व्हर्टर लॅबसकट घेतलं, लिनिअर सिस्टिम्स घेतलं, सिस्टिम ॲनालिसिस कोअर होतंच, आणि चौथं म्हणून ऊर्जा लेखापरीक्षण, हलकं. फॉर्म गुरुवारी दिला. मी त्याला बजावलं होतं की द्यायच्या आधी फोटो काढ आणि झेरॉक्सवर ऑफिसचा शिक्का घे. माझा फॉर्म दुसऱ्या सेमिस्टरला ऑफिसात कुठल्याशा गठ्ठ्यात गेला होता, आणि शिक्का नसल्यामुळे यादी लागली तेव्हा माझ्या नावापुढे मी कधीच न मागितलेला विषय होता. तो बदलून घ्यायला नऊ दिवस आणि चार अर्ज लागले. शिक्का घ्यायला दोन मिनिटं लागतात, जेवणाच्या सुट्टीच्या आधी गेलात तर.